हेराचा सूड आणि समीक्षकाचं माप

हेरगिरी आणि सूड ही एकमेकांच्या उलट चालणारी कामं आहेत. हेर यशस्वी झाला, तर तो कधी आला आणि कधी गेला हे कुणाला कळत नाही. सूड समोरच्याला कळल्याशिवाय पुरा होत नाही. कोण मारतोय आणि कशासाठी मारतोय, हे मरणाऱ्याला समजलंच नाही, तर उरतो तो नुसता खून. त्यामुळे सूडाच्या पायावर हेरपट उभा करायचा म्हणजे पहिल्या दृश्यापासून एक विसंगती पोटात घेऊन चालायचं. ती विसंगती दिग्दर्शकाने वापरली का, यावर अशा सिनेमाचं बरंवाईट ठरायला हवं. पण परीक्षणं वाचली की वाद रंगलेला दिसतो तो दुसऱ्याच गोष्टीवर: सिनेमा फार काळोखा झाला का, फार क्रूर झाला का, त्यातली गंमत गेली का. हल्ली वारं फिरलंय आणि ‘डार्क’ हा शब्द कौतुकाचा झालाय. चुकीचं माप तेच, फक्त पारडं दुसरं.

या चुकीचं सर्वांत स्पष्ट उदाहरण १९८९ सालचं आहे. जेम्स बॉन्ड मालिकेतला सोळावा सिनेमा, ‘लायसन्स टु किल’, दिग्दर्शक जॉन ग्लेन, बॉन्डच्या भूमिकेत दुसऱ्यांदा आणि शेवटचा टिमथी डाल्टन. कथा थोडक्यात अशी. बॉन्डच्या अमेरिकन मित्राचं, फीलिक्स लायटरचं लग्न आहे. त्याच दिवशी दोघं मिळून सँचेझ नावाच्या अमली पदार्थांच्या बड्या व्यापाऱ्याला पकडतात. लाच खाल्लेला एक अधिकारी त्याला सोडवतो. रात्री सँचेझची माणसं नवरीला मारतात आणि फीलिक्सला शार्कच्या तोंडी देतात. बॉन्डला इस्तंबूलच्या कामगिरीवर जाण्याचा हुकूम असतो, तो नकार देतो. वरिष्ठ त्याचा मारण्याचा परवाना तिथल्या तिथे रद्द करतात आणि तो एकटा सँचेझच्या मागे निघतो.

तेव्हाचे आक्षेप ठरावीक होते. हिंसा अति, विनोद नाही, खलनायक जग जिंकायला निघालेला नाही तर टीव्हीवरच्या पोलिसी मालिकेतला ड्रगवाला वाटतो, आणि सगळ्यात वारंवार आलेलं वाक्य म्हणजे हा बॉन्डच नव्हे. अपवाद होते. अमेरिकेतले समीक्षक रॉजर इबर्ट यांनी चारपैकी साडेतीन तारे दिले होते. पण एकूण सूर नाराजीचाच राहिला.

‘हा बॉन्डच नव्हे’ हा आक्षेप टिकत नाही. सिनेमातलं सर्वांत क्रूर म्हणून ज्याच्यावर बोट ठेवलं गेलं, ते शार्कचं दृश्य इयान फ्लेमिंगच्या १९५४ सालच्या ‘लिव्ह अँड लेट डाय’ या कादंबरीतून उचललेलं आहे. म्हणजे मूळ लेखकाचाच काळोख पस्तीस वर्षांनी पडद्यावर आला. मधल्या काळात प्रेक्षकांना सवय लागली होती ती आधीचा बॉन्ड, रॉजर मूर, याच्या मिश्कील भुवईची. समीक्षकांनी सिनेमा तोलला तो त्या सवयीशी.

नावाचीही एक गोष्ट आहे. सिनेमाचं आधी ठरलेलं नाव होतं ‘लायसन्स रिव्होक्ड’, म्हणजे परवाना रद्द. अमेरिकेत या शब्दांवरून लोकांना गाडीचा परवाना आठवतो, म्हणून ते बदललं, असं सांगितलं जातं. पहिलं नाव कथेचा मर्म सांगणारं होतं: एका माणसाने नोकरी गमावली आहे आणि यापुढे तो जे करेल ते सरकारचं नसेल, त्याचं स्वतःचं असेल. दुसऱ्या नावाने नेहमीच्या मेजवानीचं आमंत्रण दिलं. मेजवानीला आलेल्याला उपासाचं ताट वाढलं, तर तो स्वयंपाक्यावर चिडणारच.

आता सिनेमाच्या आत जाऊ. मध्यावर एक प्रसंग आहे. बॉन्ड इमारतीबाहेर दबा धरून बसलाय. काचेला स्फोटकं लावून झाली आहेत, बंदूक जुळवलेली आहे, सँचेझ टप्प्यात आहे. नेमक्या त्या वेळी दोन अनोळखी माणसं त्याच्यावर झडप घालतात. ते असतात हाँगकाँगच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे अधिकारी. वेषांतर करून, खरेदीदार बनून ते सँचेझच्या गोटात शिरलेले आहेत. त्याची पूर्ण साखळी हाती लागेल अशी मांडणी त्यांनी किती काळ खपून केली आहे, आणि बॉन्डच्या एका गोळीने ती उधळली जाणार आहे. ते बॉन्डला एका घरात बांधून ठेवतात. तेवढ्यात सँचेझची माणसं त्या घरावर चालून येतात आणि अधिकारी मारले जातात. त्यांच्यातला प्रमुख विष चावून मरतो. बांधलेला बॉन्ड पाहून सँचेझला वाटतं, हा आपल्या शत्रूंचा शत्रू, म्हणजे आपला माणूस. त्या प्रेतांच्या बळावर बॉन्डला सँचेझच्या घरात जागा मिळते.

हा प्रसंग सिनेमाचा कणा आहे. पुढे आणखी कळतं की अमेरिकन यंत्रणाही सँचेझच्या एका माणसाशी आतून बोलणी करत होती. त्याच्या हाती पडलेली क्षेपणास्त्रं परत मिळवायची होती. तोही डाव बॉन्डमुळे फिसकटतो. बॉन्डला बोटीवरून मदत करणारा मित्र शार्की मारला जातो. सूड एकाचा, आणि बिल भरणारे भलतेच. हेरपटात इतका थेट हिशेब मांडणं धाडसाचं होतं. ‘विनोद नाही’ असं लिहिणाऱ्यांनी हा हिशेब वाचलाच नाही, आणि खरी तक्रार तिथेच आहे. सिनेमा आवडला नाही तर नाही, पण त्याने कशाची मांडणी केली आहे ते आधी सांगायला हवं होतं.

यानंतर बॉन्ड बंदूक बाजूला ठेवतो आणि संशय पेरतो. सँचेझला पैशापेक्षा निष्ठा प्यारी आहे, हे त्याने ओळखलेलं असतं. तो एका हस्तकाच्या बोटीवर नोटा लपवतो, दुसऱ्याबद्दल कानात कुजबुजतो, आणि सँचेझ आपलीच माणसं आपल्याच हाताने संपवत जातो. इथे हेराची विद्या आणि सूडाची भूक काही काळ एकाच दिशेने चालतात. पटकथेचा हा भाग सर्वांत घट्ट विणलेला आहे. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘योजिम्बो’ या सिनेमाचा प्रभाव पटकथाकार मायकेल विल्सन यांनी मान्य केला होता, आणि तो दिसतोही: दोन बाजूंमध्ये उभा राहून दोघांनाही पोखरणारा एकटा माणूस.

शेवटाला पेट्रोलचे टँकर येतात. माल पेट्रोलमध्ये विरघळवून न्यायचा, अशी सँचेझची युक्ती असते. पाठलागाचं चित्रीकरण मेक्सिकोत ला रुमोरोसाच्या वळणावळणाच्या घाटरस्त्यावर झालं. एका बाजूच्या चाकांवर टँकर तिरका चालवण्याची कसरत फ्रान्सच्या रेमी ज्युलिएन यांनी प्रत्यक्षात केली. खंबाटकीच्या किंवा कुंभार्लीच्या उतारावर टँकरच्या मागून गाडी चालवलेल्या माणसाला ते दृश्य वेगळ्याच अंगाने कळतं. टाकी अर्धी भरलेली असेल तर वळणावर आतलं द्रव एका अंगाला लोटतं आणि सगळा तोल बाहेर ओढतो. म्हणून भरलेल्यापेक्षा अर्धवट टँकर जास्त दगा देतो. ज्या सिनेमात वजन खरं वाटतं, त्यात मरणही खरं वाटतं.

आणि मग सिगारेट पेटवायचा लायटर. लग्नात फीलिक्स आणि डेला यांनी बॉन्डला दिलेला, दोघांची नावं कोरलेला, हातात मावेल एवढा. पेट्रोलने भिजलेला सँचेझ बॉन्डवर कोयता उगारून उभा आहे. बॉन्ड त्याला विचारतो की कारण जाणून घ्यायचं नाही का, आणि लायटर काढून त्याच्यासमोर धरतो. सँचेझ ती अक्षरं वाचतो. वाचण्याइतका वेळ त्याला दिला जातो. मगच ज्वाला पेटते. दबा धरून दुरून गोळी घालणारा बॉन्ड अजून हेर होता; लायटर दाखवणारा बॉन्ड हेर उरलेला नाही. त्याने सही केली. डाल्टनचा चेहरा त्या वेळी जिंकलेल्या माणसाचा वाटत नाही, रिकाम्या झालेल्या माणसाचा वाटतो. नंतर तो टेकून बसतो तेव्हा त्याच्या अंगावर रक्त आणि धूळ आहे, आणि बोलायला काही उरलेलं नाही.

इथे थांबला असता, तर हा सिनेमा फार मोठा झाला असता. समीक्षकांनी झोडपायला हवं होतं ते याच्या पुढच्या पाच मिनिटांना. फीलिक्स इस्पितळातून फोनवर हसतखेळत बोलतो, जणू बायकोचं मरण आणि स्वतःचा गेलेला पाय मागच्या रिळातच राहिले. जुन्या नोकरीचं बोलावणं वाट पाहतंय, अशी सोय करून ठेवली जाते. पाठोपाठ पोहण्याचा तलाव, मिठी, संगीत. ज्या माणसाने हाँगकाँगच्या अधिकाऱ्यांचं काम मातीत घातलं, त्याला कुणी एक प्रश्न विचारत नाही. मांडलेला हिशेब दिग्दर्शकाने पाटीवरून पुसून टाकला. हा दोष काळोखाचा नाही. काळोख शेवटपर्यंत पेलला नाही, हा तो दोष आहे.

अमेरिकेत सिनेमाने सुमारे साडेतीन कोटी डॉलर मिळवले, जगभरात सुमारे साडेपंधरा कोटी. त्याच उन्हाळ्यात तिथे ‘बॅटमॅन’ होता, इंडियाना जोन्सचा तिसरा भाग होता. पुढे सहा वर्षं बॉन्डपट आला नाही आणि त्याचं खापर या सिनेमाच्या गडदपणावर फोडलं गेलं. खरं कारण होतं मालकीहक्कांवरून चाललेले कज्जे. पण एकदा छापून आलेलं निदान पुढचे वीस लेख डोळे झाकून उतरवून घेतात.

सांगलीच्या वाचकाला या सगळ्यासाठी हॉलिवूडपर्यंत जायची गरज नाही. सूड आणि अज्ञातवास यांची कुस्ती आपल्या रंगभूमीने फार आधी लावली आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते याच गावात, आणि ‘कीचकवध’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले तेही इथेच, १८७२ साली. नाटक १९०७ साली रंगमंचावर आलं. कीचकात लोकांनी व्हाइसरॉय कर्झन पाहिला, कंकात, म्हणजे वेषांतरातल्या धर्मराजात, मवाळ, भीमात जहाल. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. एरवी चर्चा होते ती या रूपकाची, आणि ती योग्यच आहे. पण मूळ कथेचा सांगाडा नीट पाहिला तर तो हेरपटाचा आहे. पाच भाऊ आणि त्यांची पत्नी खोट्या नावांनी विराटाच्या चाकरीत आहेत. धर्मराज कंक, भीम स्वयंपाकघरात बल्लव, द्रौपदी राणीची सैरंध्री. वर्षभरात बिंग फुटलं, तर पुन्हा बारा वर्षं वनवास. अशा वेळी राजाचा मेहुणा आणि सेनापती कीचक सैरंध्रीवर हात टाकतो. कंक म्हणतो थांब, काही दिवस उरलेत. भीमाला थांबवत नाही.

विराटपर्वात भीम कीचकाला मारतो ते रात्री, अंधाऱ्या नृत्यशाळेत, आणि श्रेय घेत नाही. द्रौपदी सांगते, माझ्या गंधर्व पतींनी मारलं. सूड पुरा, सही मात्र नाही. तरीही किंमत चुकत नाही. कीचकाचे भाऊबंद द्रौपदीलाच त्याच्या प्रेताबरोबर जाळायला नेतात. दुर्योधनाचे हेर पांडव सापडले नाहीत म्हणून हात हलवत परततात, पण एक बातमी घेऊन येतात: कीचक मेला, रात्री, गंधर्वांच्या हातून. विराटाचा सेनापती नाही हे कळताच त्रिगर्तांचा सुशर्मा आणि मागून कौरव त्याच्या गाईंवर चालून येतात. एका खाजगी सूडाने एका राज्याची सीमा उघडी पाडली. व्यासांनी हिशेब पुसला नाही.

आणि खुद्द हेराबद्दल बोलायचं, तर खानापूर तालुक्यात बाणूरगडावर बहिर्जी नाइकांची समाधी आहे. शिवरायांच्या हेरखात्याच्या या प्रमुखाबद्दल लिखित पुरावा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. ज्याचं काम दिसू नये, त्याच्या कामाची नोंद तरी कोण ठेवणार? या मातीतल्या प्रेक्षकाला हेर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. समीक्षकाने तेवढा विश्वास ठेवावा.

दुसरा सिनेमा २००८ सालचा, ‘क्वांटम ऑफ सोलेस’. मागच्या भागात मेलेल्या प्रेयसीचा सल घेऊन फिरणारा डॅनियल क्रेगचा बॉन्ड. १०६ मिनिटांचा हा सिनेमा तोवरच्या मालिकेतला सर्वांत आखूड. हॉलिवूडच्या लेखकांचा संप नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झाला आणि पटकथा पुरती तासून न होताच चित्रीकरणाला भिडावं लागलं. यावर झालेली एक टीका अगदी रास्त होती, ती संकलनावरची. मारामारीत प्रेक्षकाला आधी एक रुंद चौकट द्यावी लागते: कोण कुठे उभा आहे, दार कुठे, जिना कुठे, हत्यार कुठे पडलंय. ती चौकट डोक्यात बसली की मग कितीही वेगाने तुकडे जोडा, माणूस हरवत नाही. इथे ती चौकटच गाळली. सुरुवातीच्या मोटारींच्या पाठलागात कोणती गाडी कोणाची हे कळेपर्यंत पाठलाग संपतो. सूडकथेत हे दुप्पट घातक, कारण कोणाचा घाव कोणाला बसला हे दिसलं नाही, तर सूडच दिसला नाही.

दुसरी टीका मात्र आपल्या भागात बसून वाचली की पटत नाही. खलनायकाचा डाव फार किरकोळ आहे, असं लिहिलं गेलं. डाव काय, तर बोलिव्हियात जमिनीखाली बंधारे घालून पाणी अडवायचं, टंचाई निर्माण करायची आणि मग येणाऱ्या सरकारला आपल्याच दराने पाणी घ्यायला भाग पाडायचं. पाणी किरकोळ? जत, आटपाडी, माण, खटाव इथल्या कुणालाही हे विचारून पाहावं. टेंभू आणि म्हैसाळच्या योजनांतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उपसून वर चढवावं लागतं, विजेचं बिल थकलं की पंप थांबतात, आणि आवर्तन कधी सुटणार यावर गावचं राजकारण फिरतं. पाण्याची चावी एका माणसाच्या हातात गेली तर काय होतं, हे इथे समजवावं लागत नाही. बोलिव्हियातही ती कल्पना हवेतून आलेली नव्हती. १९९९ साली कोचाबांबा शहरात पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, दर भडकले, २००० साली लोक रस्त्यावर आले आणि करार रद्द करावा लागला. अणुबॉम्बची धमकी मोठी आणि कोरडा नळ लहान, हे माप ज्याच्या घरी नळाला चोवीस तास पाणी येतं त्याचं आहे. सांगली-साताऱ्यात लिहिणाऱ्याने ते उसनं घ्यायचं कारण नाही.

शेवटात हा सिनेमा १९८९च्या सिनेमापेक्षा प्रामाणिक आहे. पाणीचोराला बॉन्ड वाळवंटात सोडतो, हातात इंजिन ऑइलचा एक डबा देऊन. पण ज्याच्यामुळे प्रेयसी गेली, तो माणूस समोर बसलेला असताना बॉन्ड त्याला मारत नाही, खात्याच्या ताब्यात देतो. बाहेर बर्फावर तिची माळ टाकून निघून जातो. सूड घेण्याची पुरेपूर संधी असताना तो हेराच्या कामावर परत येतो. या निवडीवर परीक्षणांत फारसं काही आलं नाही. सगळी शाई संकलनावर गेली.

राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. समीक्षेची चूक इथे थेट घरात शिरते. ‘लायसन्स टु किल’ला ब्रिटनमध्ये कात्री लावूनही १५ वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं, मालिकेत असं पहिल्यांदाच घडलं. आपल्याकडे २०२४च्या नियमांनी ‘यूए’चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. ही श्रेणी पालकांना दिलेली सूचना आहे, दारावरची बंदी नाही. म्हणजे ठरवायचं पालकाने, आणि त्याला आधार परीक्षणाचा. परीक्षणात ‘हिंसा जास्त’ एवढंच असेल तर त्याचा उपयोग शून्य. शंभर माणसं पडतात आणि एकालाही दुखत नाही, ही एक हिंसा. एक माणूस मरतो आणि त्याची बायको, मित्र, काम सगळं कोलमडतं, ही दुसरी. पहिली मुलांना बिनधोक वाटते कारण रक्त नाही, दुसरी धोक्याची वाटते कारण वेदना आहे. अनेकदा उलटं असतं. मात्र ‘लायसन्स टु किल’मध्येच हवेच्या दाबाच्या टाकीत एका हस्तकाचं डोकं फुटतं, त्या दृश्याला हा बचाव लागू नाही. तिथे कसला परिणाम दाखवायचा नव्हता, फक्त डोकं फोडून दाखवायचं होतं. ते कापलं तर कथेचं काही बिघडत नाही. शार्कचं दृश्य कापलं तर सूडाचं कारणच पुसट होतं. ही दोन दृश्यं परीक्षणात वेगवेगळी करून सांगणं, हे समीक्षकाचं काम.

आता दर वर्षी दोन-तीन तरी हेरपट असे येतात ज्यात नायकाचं कुटुंब मध्यंतराआधी मारलं जातं, चेहऱ्यावर दाढी येते, प्रकाश निळसर होतो आणि परीक्षणात ‘डार्क’ म्हणून अर्धा तारा वाढतो. तो अर्धा तारा देण्याआधी काही गोष्टी कागदावर टिपून पाहाव्यात. नायकाने हुकूम नेमका कुठे मोडला. त्यानंतर खलनायक सोडून आणखी कोण कोण मेलं, आणि त्यांची नावं सिनेमाला शेवटी आठवतात का. त्याच्यामुळे दुसऱ्या कुणाचं काम बुडालं. शेवटचा घाव त्याने लपून घातला की ओळख देऊन. आणि घाव घातल्यावर त्याच्याकडे कोण जाब मागायला आलं. बऱ्याच सिनेमांत शेवटच्या प्रश्नासमोरची जागा कोरी राहते.